कामगाराची संमति

सप्टेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली, आणि तीन महिन्यांतील जादा कामाची कमाल मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचें ठरविलें. या निर्णयावर दोन्ही बाजूंनीं पुष्कळ बोललें गेलें. आमचें लक्ष मात्र त्यांतील एका लहानशा अटीकडे वेधलें. जादा काम घ्यावयाचें तर कामगाराची लेखी संमति पाहिजे, अशी ती अट. पुढें त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ज्या श्रमसंहितांनीं १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा घेतली त्यांतही जादा कामास दुप्पट वेतन आणि कामगाराची संमति या दोन गोष्टी जोडीनेंच आल्या आहेत. अट वाचून सामान्य वाचकास समाधान वाटतें. ज्याचे श्रम त्याचीच संमति. मग तक्रार कोणाची? परंतु हा जो ‘संमति’ शब्द येथें इतक्या विश्वासानें योजिला आहे, तो पेलूं शकेल असा अर्थ त्यांत खरोखर आहे कीं नाहीं, हें तपासून पाहण्यासारखें आहे. वकिलांनीं या शब्दाचा काथ्याकूट पुष्कळ केला आहे. आम्हांस त्याची नीतिशास्त्रीय बाजू पाहावयाची आहे.

संमतीचा कैवार घेणाऱ्या पक्षास प्रथमच हलका लेखूं नये. प्रौढ व शहाण्या मनुष्यास आपलें हित कशांत आहे हें दुसऱ्या कोणापेक्षांही अधिक कळतें; आपला वेळ, आपलें बळ व आपलें कसब कोणत्या दरानें द्यावें हें ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घेणें म्हणजे त्यास अज्ञान बालकांच्या पंक्तीस बसविणें होय, असें या पक्षाचें म्हणणें आहे. हें म्हणणें केवळ मालकांनीं आपल्या सोयीकरितां रचलें असेंही नाहीं. विवाह, धर्म, लेखन, मतदान यांतील बंधनें ज्या तत्त्वाच्या बळावर आपण झुगारून दिलीं त्याच तत्त्वाची ही एक शाखा आहे. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वीं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. विजेचे दिवे आले आणि सूर्यानें घातलेली ही मर्यादाही नाहींशी झाली. त्यावर ओरड होऊन जें मजूर कमिशन नेमलें गेलें त्याचा अहवाल १९०८ सालीं प्रसिद्ध झाला. मुलांच्या व बायकांच्या तासांस मर्यादा असावी हें त्यास मान्य होतें, परंतु प्रौढ पुरुषाच्या तासांवर कायद्यानें थेट मर्यादा घालूं नये असें बहुमत पडलें. डॉ. टी. एम. नायर या एकट्या सभासदानें भिन्नमतपत्रिका जोडून मर्यादेचा पुरस्कार केला. १९११ च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांपुरती पुरुषांसही १२ तासांची मर्यादा घातली, म्हणजे सरकारनें अखेर नायरांच्या बाजूनें एक पाऊल टाकलें. गंमत अशी कीं, ज्या १२ तासांवर आणून ठेवण्यासाठीं त्या काळीं एवढी झुंज द्यावी लागली, त्याच १२ तासांकडे सव्वाशे वर्षांच्या आंतच आपण उलट बाजूनें चालत निघालों आहों.

आतां पुस्तकी वाद बाजूस ठेवून एक घडलेली गोष्ट घेऊं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अजमेर हें एक वेगळें राज्य होतें. तेथील बिजय कॉटन मिल्स या गिरणींत वेतनाचा तंटा लागून औद्योगिक न्यायाधिकरणानें दरमहा ३५ रुपये हा आंकडा ठरविला होता. पुढें १९४८ च्या किमान वेतन कायद्याखालीं अजमेरच्या कापड गिरण्यांकरितां सरकारनें ५६ रुपयांचें किमान वेतन जाहीर केलें. कंपनी म्हणाली, हा दर आम्हांस झेपत नाहीं. आणि गिरणी बंद पडली. तेव्हां शेंकडों कामगारांनीं कंपनीस लेखी कळविलें कीं, आम्ही ३५ रुपयांवर काम करावयास तयार आहों, गिरणी चालूं करा. परंतु किमान वेतन कायद्याचें २५ वें कलम आड आलें. किमान वेतनाचा हक्क सोडून देणारा करार कामगारानें आपण होऊन केला तरी तो व्यर्थ, असें तें कलम सांगत होतें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. १९५४ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, दारिद्र्यामुळें कामगार कमी वेतन घेण्यास राजी असले तरी किमान वेतनाची हमी रक्षण करणें लोकहिताचें आहे, आणि त्याकरितां करारस्वातंत्र्यास मुरड घालणें गैर नाहीं. १९५७ च्या दुसऱ्या एका निकालांत तर न्यायालयानें, किमान वेतन देऊं न शकणाऱ्या धंद्यास जिवंत राहण्याचा हक्कच नाहीं, इथपर्यंत मजल मारिली.

तत्त्व म्हणून हें फार उदात्त आहे. पण वाचकहो, त्या शेंकडों सह्यांपैकीं एका सहीचा विचार करा. ५६ रुपये देणारी गिरणी बंद आहे, ३५ रुपये देणारी बेकायदा आहे, आणि घरीं चूल थंड आहे. त्या विणकरास जर आपण सांगितलें कीं, ‘बाबा, तुझ्याच हक्काचें रक्षण करण्यासाठीं तुला उपाशी राहावें लागत आहे,’ तर तो काय म्हणेल? कामगारांच्या कैवाऱ्यांनीं लिहिलेल्या लेखांत हा प्रश्न बहुधा गाळलेला असतो. आम्हांस तो गाळतां येत नाहीं. हक्क हा ज्याचा असतो त्याला तो सोडतांही आला पाहिजे, असें आपण सामान्यतः मानतों. आपली जमीन दान करणारास आपण अडवीत नाहीं. आपलें कर्ज माफ करणारास मूर्ख म्हणत नाहीं. मग मजुरीचाच हक्क एवढा चिकट कां, कीं धन्यानें सोडला तरी सुटूं नये?

याचें एक उत्तर, आणि आमच्या मतें पुष्कळ अंशीं पुरें पडणारें उत्तर, ज्यास स्वातंत्र्यवाद्यांचा आचार्य मानतात त्या जॉन स्टुअर्ट मिल यानेंच दिलेलें आहे. १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत त्यानें दहा तासांऐवजीं नऊ तास काम करण्याचें उदाहरण घेतलें आहे. नऊ तास सर्वांसच हितकर असले, आणि सर्वांची तशी इच्छाही असली, तरी एकट्यानें नऊ तासांवर उठून जाणें शक्य नाहीं. त्याची जागा दुसरा घेईल. उलट बहुतेक सर्व नऊ तासांवर थांबले तर जो एकटा दहा तास करील त्याचा फायदा होईल. मग दुसरा करील, तिसरा करील, आणि अखेर सर्व जण नऊ तासांच्याच मजुरींत दहा तास राबूं लागतील. येथें कायदा लोकांच्या इच्छेविरुद्ध जात नसतो. त्यांची जी इच्छा एकेकट्यास पार पाडतां येत नाहीं ती तो पार पाडतो. अजमेरच्या सह्यांस हा विचार लावून पाहिला असतां दिसेल कीं, ३५ रुपयांस दिलेली संमति त्या विणकरापुरती राहत नाहीं. शेजारची जी गिरणी ५६ रुपये देत असेल तिच्या मालकापुढें तो कागद दुसऱ्या दिवशीं ठेवला जातो. जमीन दान करणारा आपली जमीन देतो. मजुरीचा दर सोडणारा नकळत शेजाऱ्याचाही दर सोडून देतो, आणि दुसऱ्याच्या ताटांतील भाकरी दान करण्याचा अधिकार कोणत्याच शास्त्रानें कोणास दिलेला नाहीं. गिरणी बंद पडून जो उपाशी राहिला त्याच्या पोटाची सोय मात्र एवढ्यानें होत नाहीं. ती करणें हें कायदा करणाऱ्याचें ऋण उरतें, आणि आपल्या देशांत तें बहुधा थकीतच राहिलें आहे.

दुसरें उत्तर सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं दिलें, आणि तें अधिक धाडसाचें आहे. दिल्लींत आशियाई क्रीडासामन्यांकरितां मोठमोठीं बांधकामें चाललीं होतीं. मजुरांस किमान वेतन दिवसास ९ रुपये २५ पैसे होतें. त्यांतून जमादार एक रुपया दस्तुरी कापून घेई आणि मजुराच्या हातावर ८ रुपये २५ पैसे पडत. एका नागरी हक्क संघटनेनें पाठविलेलें पत्र हाच अर्ज मानून न्यायमूर्ति भगवती यांनीं असें ठरविलें कीं, किमान वेतनाहून कमी मजुरींत काम करून घेणें ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय. मनुष्यास दोरीनें बांधून आणलें काय, कीं भुकेनें बांधून आणलें काय, सक्ती ती सक्तीच. आपल्या भाषेंत याला जुना शब्द आहे: वेठ. संस्कृतांतील ‘विष्टि’चाच हा अपभ्रंश. पाटलाचा शिपाई दाराशीं येऊन माणूस धरून नेई तेव्हां वेठ ओळखूं येई. शिपायाच्या जागीं भूक आली म्हणजे वेठीचें नांव बदलून ‘राजीखुषी’ होतें, एवढेंच या निकालानें उघड करून दाखविलें.

तथापि या विचारावरही एक आक्षेप येतो, आणि तो टाळून जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. भूक ही जर सक्ती, तर जगांत पोटासाठीं काम करणाऱ्या कोणाचीच संमति खरी नाहीं. शिक्षकाची नाहीं, कारकुनाची नाहीं, आणि मासिकास लेख देणाऱ्याची तर मुळींच नाहीं. मग सारेच करार वेठीचे म्हणावयाचे काय? आम्हांस असें वाटतें कीं, येथें हो किंवा नाहीं अशा दोनच कोठड्या करण्यांत चूक होते. संमतीस पायऱ्या असतात, आणि ती कोणत्या पायरीवर उभी आहे हें मनुष्य नकार किती सहज देऊं शकतो यावरून ओळखावें. ज्यास आज ‘नाहीं’ म्हटल्यानें उद्यां थोडी गैरसोय होणार, त्याचें ‘होय’ पुष्कळ वजनाचें आहे. ज्यास ‘नाहीं’ म्हटल्यानें मुलाची शाळा सुटणार, त्याचें ‘होय’ तितकें हलकें. आणि ज्याची संध्याकाळची भाकरीच जाणार, त्याच्या ‘होय’ला संमति हें नांव देणें हा भाषेचा दुरुपयोग होय.

हें माप हातीं घेतलें म्हणजे जादा कामाच्या प्रश्नाचा खरा गाभा दिसूं लागतो. जादा कामास जादा दर कां? पुष्कळांची समजूत अशी कीं, तें अधिक श्रमाचें बक्षीस आहे. कायद्याच्या इतिहासाचा रोख निराळा आहे. १९२२ च्या कायद्यांत हा दर सव्वापट होता, पुढें दीडपट झाला, आणि १९४८ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमांत तो दुप्पट ठरला. दर असा चढत गेला याचें कारण तो एक कुंपण होता. मालकास जादा तास महाग पडावा, म्हणजे तो एकाच माणसास पिळून काढण्याऐवजीं दुसरा माणूस कामास लावील, हा त्यांतील हेतु. कामगारास त्यांतून पैसा मिळे हें खरें, पण मालकाचा हात आंवरणें हें मुख्य. एप्रिल २०२० मध्यें, महामारीच्या दिवसांत, गुजरात सरकारनें एक अधिसूचना काढून कारखान्यांस १२ तास काम घेण्याची मुभा दिली आणि जादा तासांस साध्याच दरानें मजुरी लावली. म्हणजे कुंपणच उपटून टाकलें. ऑक्टोबर २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती अधिसूचना रद्द केली आणि कामगारांस जादा कामाचें रीतसर वेतन द्यावयास लावलें. आर्थिक मंदीचें ओझें एकट्या कामगाराच्या खांद्यावर ठेवतां येणार नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता.

पण कुंपण शाबूत असूनही एक विपरीत प्रकार घडतो, आणि तो गुजरातच्या अधिसूचनेपेक्षां अधिक विचार करण्यासारखा आहे. कोणत्याही औद्योगिक वसाहतींत संध्याकाळीं पाळी सुटतांना उभें राहावें. ‘आज ओटी आहे का?’ हा प्रश्न मुकादमास कामगारच विचारीत असतात. ‘डबल’ मिळाली तर आनंद. दोन आठवडे ओव्हरटाइम नाहीं म्हटलें तर चेहरे उतरतात. आम्ही ज्यास मालकासाठीं घातलेलें कुंपण म्हणतों तें कामगारास आमिष होऊन बसलें आहे. संमतीचा पक्षपाती हें दाखवून म्हणेल, पाहा, कोण कोणास राबवीत आहे? त्यास आम्ही एवढेंच विचारूं कीं, त्या कामगाराच्या साध्या आठ तासांच्या मजुरींत त्याचें घर चालतें काय? १९५७ सालीं पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेनें किमान वेतन कसें मोजावें याचें माप घालून दिलें: एका मिळवत्यामागें तीन माणसांचा आहार, प्रत्येक प्रौढास २७०० कॅलरी, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडें, आणि जळण, दिवाबत्ती वगैरेंस एकूण वेतनाचा पांचवा हिस्सा. १९९१ सालीं न्यायालयानें त्यांत मुलांचें शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांकरितां आणखी चौथा हिस्सा धरावा असें सांगितलें. हें माप साध्या तासांचें आहे. जादा तासांचा त्यांत कोठें उल्लेखही नाहीं. ज्या घरचा हिशेब नवव्या, दहाव्या व बाराव्या तासाची मजुरी धरल्यावांचून जुळत नाहीं, त्या घरीं जादा काम हें जादा राहिलेलेंच नसतें. वाण्याची उधारी व खोलीचें भाडें यांनीं तें आधींच मागून ठेवलेलें असतें. अशा कामगारापुढें संमतीचा कागद ठेवून सही मागणें म्हणजे बुडत्यास दोरी पकडण्याबद्दल परवानगी विचारण्यासारखें आहे. तो सही करील, आनंदानें करील. त्या आनंदावर कायद्यानें आपली इमारत उभारूं नये.

म्हणून न्याय्य वेतन आणि जादा कामाचें वेतन हे दोन निरनिराळे हक्क म्हणून जे मांडले जातात तें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. पहिला नसेल तर दुसऱ्याचा अर्थच उलटा होतो. साधी मजुरी जितकी तोकडी तितकी जादा कामाची संमति सुलभ. तेव्हां दुप्पट दराचा जो बोजा मालकावर पडावयाचा, तो मूळ दर निम्म्यावर ठेवून त्यास केव्हांच वसूल करून घेतां येतो. बारा तासांस मिळून जें मिळतें तें आठ तासांस मिळावयास हवें होतें, हें मग कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

हा विचार कांहीं केवळ पाश्चात्यांकडून आलेला आहे असें नाहीं. कौटिल्यानें, मजुरी आधीं ठरली नसेल तर शेतमजुरास पिकाचा व गुराख्यास तुपाचा दहावा भाग द्यावा असें सांगून ठेविलें आहे. म्हणजे कराराच्या अभावीं काय न्याय्य हें ठरविण्याचें काम त्यानें मालकाच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. शुक्रनीतींत तर वेतनाच्या प्रती लावल्या आहेत. ज्यांत एकट्याचेंच पोट भरतें तें हीन, ज्यांत अवश्य तेवढें अन्नवस्त्र निघतें तें मध्यम, आणि ज्यांत तें पुरेसें निघतें तें श्रेष्ठ. शुक्रनीतीच्या काळाविषयीं पंडितांत मोठा वाद आहे, कित्येक तिला अगदीं अर्वाचीन समजतात, आणि त्या वादांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. कमी वेतनाचे चाकर हे आपण होऊन निर्माण केलेले शत्रु होत, असें तींत म्हटलें आहे तें मात्र कोणत्याही शतकांत खरें ठरलें असतें. १९४८ सालीं नेमलेल्या न्याय्य वेतन समितीनें किमान, न्याय्य व निर्वाह अशा वेतनाच्या ज्या तीन पायऱ्या सांगितल्या त्या या प्रतींशीं ताडून पाहाव्या.

येथें कोणी म्हणेल कीं, तुम्ही सारा प्रश्न पैशाचाच केला. नाहीं; पैसा पुरेसा झाला म्हणजे मगच वेळेचा प्रश्न मोकळेपणानें विचारतां येतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर १८८४ मध्यें मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारास सादर केला. पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत व्हावा, दुखापत झाल्यास भरपाई मिळावी, या मागण्या त्यांत होत्याच. पण आरंभीं होता रविवार, आणि मग दुपारची अर्ध्या तासाची सुटी. रविवार हा खंडोबाचा वार. गांवाकडून आलेल्या कुणब्यास तो ओळखीचा. सहा वर्षांनीं, जून १८९० मध्यें, मालकांनीं तो दिला. त्या साडेपांच हजारांनींही कागदावर सहीच केली होती. ती मात्र एकट्यानें साहेबाच्या टेबलाशीं उभें राहून केलेली नव्हती. शेजारीं साडेपांच हजार होते, आणि म्हणून तींत नकार द्यावयाची ताकद होती.

आमच्या बहुतेक वाचकांचा कारखाना नसेल. परंतु त्यांच्या घरीं धुणेंभांडीं करावयास बाई येत असेल. तिचा दर कसा ठरला? ‘या इमारतींत सगळे इतकेच देतात’ या एका वाक्यानें. दिवाळींत पाहुणे आले, भांडीं दुप्पट पडलीं, ती दोन तास अधिक थांबली. तिला आपण एक जुनी साडी आणि चिवड्याचा पुडा दिला, आणि ‘आमच्या मावशी फार चांगल्या, कधीं नाहीं म्हणत नाहींत,’ असें कौतुकानें पाहुण्यांस सांगितलें. त्या कधीं नाहीं म्हणत नाहींत, हें खरें आहे. कां म्हणत नाहींत, याचा विचार आपण करीत नाहीं, कारण तो केल्यास पुढच्या महिन्यापासून कांहीं रुपये वाढवावे लागतील. जो मनुष्य मोर्चाच्या बातम्या वाचून कामगारांविषयीं हळहळतो तोच स्वयंपाकघराच्या दाराशीं अगदीं अजमेरच्या कंपनीप्रमाणें ‘परवडत नाहीं’ म्हणतो. तेथें तर कारखान्याचा निरीक्षकही नसतो, आणि दुप्पट दराची गोष्ट कोणी स्वप्नांतही काढीत नाहीं.

तेव्हां सरकारनें लेखी संमतीचा नमुना छापलाच तर त्यांत आणखी दोन रकाने असावेत असें आम्ही सुचवितों. एकांत, या कामगारास केवळ साध्या तासांबद्दल गेल्या तीन महिन्यांत काय मिळालें तें लिहावें. आणि तें १९५७ च्या मापास उतरत नसेल तर जादा कामाची सही घेऊंच नये. दुसऱ्या रकान्यांत, ज्यांनीं संमति नाकारली त्यांचीं नांवें असावीं, आणि सहा महिन्यांनंतर ते कोठें आहेत याची नोंद असावी. निरीक्षकानें आधीं हाच रकाना उघडावा. पांचशें माणसांच्या कारखान्यांत वर्षभरांत तो कोरा राहिला असेल, तर त्यानें मालकास त्याबद्दल शाबासकी न देतां पगारपत्रक मागावें.